‘एसी कमी करा’ असं सांगू नका : इंदूरच्या एसी बसमधली हवा

इंदूरहून पुण्याला निघालेली रात्रीची स्लीपर शहराबाहेरचं राऊ मागे टाकते न टाकते तोच मधल्या बर्थवरून हाक येते, “भैया, एसी थोड़ा कम कर दो.” क्लीनर पुढं जाऊन तेच सांगतो. उस्ताद एक हात स्टिअरिंगवर ठेवून पॅनेलचं बटण दाबतो आणि २२ चे २० होतात. सांगणाऱ्याला थंडी कमी हवी होती, ऐकणाऱ्यानं आकडा कमी केला. चूक कुणाचीच नाही, पण सकाळपर्यंत छत्तीस माणसं पाय पोटाशी घेऊन झोपणार.

मराठीतून बोललात तरी फरक पडत नाही. ‘एसी वाढवा’ म्हणजे गारवा वाढवायचा की टेंपरेचर, याचा उलगडा अजून कुठल्याच बसमध्ये झालेला नाही. म्हणून आकडाच सांगायचा: “पच्चीस पे कर दो.”

इंदूरकरांच्या वाट्याला येणाऱ्या एसी बस चार तऱ्हेच्या. शहरातली इंजिनवाली, शहरातली बॅटरीवाली, भोपाळकडची दिवसाची बैठी गाडी आणि पुणे-मुंबई-नाशिकची रात्रीची स्लीपर. हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, या चार तऱ्हांच्या गाड्यांत मिळणाऱ्या हवेचं आहे. निकाल आधीच सांगायचा तर बॅटरीवाली बस सगळ्यांत समजूतदार आणि स्लीपर सगळ्यांत वाईट. गंमत अशी की तिकीट स्लीपरचंच महाग आणि टपावरचं यंत्रही बहुधा तिचंच दांडगं. यंत्र दांडगं असणं हीच निम्मी अडचण आहे.

टपावरची उलटी गंगा

बारा मीटरच्या बसच्या टपावरचं एसी युनिट साधारण ३० ते ४० किलोवॅटचं असतं, म्हणजे साडेआठ ते साडेअकरा टनांचं. घरातले दीड टनाचे सहा-सात एसी एका टपावर बसवले असं समजा. एवढं लागतं का? मे महिन्यात दुपारी लागतं. बसलेला एक माणूस शंभरेक वॉट उष्णता बाहेर टाकतो, पन्नास माणसांची ती पाच-सहा किलोवॅट होते. त्यात काचांतून येणारं ऊन, तापलेला पत्रा, आणि दर थांब्याला दार उघडलं की आत शिरणारी बेचाळीस अंशांची हवा.

आता हा गारवा तयार कसा होतो ते बघा. डिझेल किंवा सीएनजीच्या बसमध्ये एसीचा कॉम्प्रेसर बेल्टनं इंजिनाला जोडलेला असतो. इंजिन जोरात फिरलं की कॉम्प्रेसर जोरात, इंजिन संथ की कॉम्प्रेसर संथ. पलासियाच्या सिग्नलला दुपारी दोन वाजता उभ्या असलेल्या बसचं इंजिन मिनिटाला सहाशे-सातशे फेरे घेत असतं. उष्णता तेव्हा सर्वांत जास्त आणि गारवा सर्वांत कमी. तीच यंत्रणा रात्री दोन वाजता हायवेवर पंधराशेच्या पुढं फिरते. ऊन नाही, दार बंद, माणसं झोपलेली, आणि कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीनं. गारवा हवा असतो तेव्हा पुरत नाही आणि नको असतो तेव्हा उतू जातो, अशी ही उलटी गंगा आहे.

मग पॅनेलवरचा आकडा काय करतो? तो गारव्याची धार कमी-जास्त करत नाही. कॉम्प्रेसरच्या पुलीवर विद्युतचुंबकी क्लच असतो. तो लागला की पूर्ण गार, सुटला की नुसता पंखा. मधलं काही नाही. मागच्या बाजूला बसलात तर क्लच लागल्याचा ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो आणि गाडी किंचित दबल्यासारखी होते. २४ वर सेट केलं तर क्लच २५ च्या आसपास लागतो, २३ ला सुटतो. सेन्सरला बदल कळायला वेळ लागतो म्हणून प्रत्यक्षात हवा त्याहूनही खालीवर होते. काही कॉम्प्रेसरना निम्मे सिलिंडर बंद करायची सोय असते. ती असलेली गाडी ओळखायला सोपी: गारवा एकसारखा राहतो, हुडहुडी आणि घाम आळीपाळीनं येत नाहीत.

दुसरी गोष्ट सेन्सरच्या जागेची. तो हवा परत ओढणाऱ्या जाळीपाशी, छतात असतो. पॅनेलवर जे टेंपरेचर दिसतं ते त्या जाळीतून जाणाऱ्या हवेचं. तुमच्या सीटवरचं नाही, आणि पडदा ओढलेल्या बर्थमधलं तर मुळीच नाही.

शहरात

शहर बसमध्ये थंडी वाजते अशी तक्रार क्वचितच ऐकू येते. तिथली तक्रार उलटी: दुपारी एसी आहे की नाही तेच कळत नाही. कारण वर आलंच. त्यात पाचशे-सातशे मीटरवर थांबा, दर थांब्याला दारं उघडणार, आणि उभ्या प्रवाशांची डोकी नेमकी हवेच्या जाळ्यांसमोर. उभा असलेला गार, खिडकीशी बसलेला गरम. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस २०१३ मध्ये सुरू झाला तेव्हा बसला स्वतःची लेन होती, त्यामुळे इंजिन फिरतं राहायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो मार्ग काढायला परवानगी दिली. बस इतर वाहनांत मिसळली की सिग्नलला उभं राहणं वाढतं आणि गारवा तेवढा उतरतो. एसी तोच, रस्ता बदलला.

इंजिनवाल्या शहर बसला पाचपैकी अडीच. मात्र एक गोष्ट तिच्या बाजूची: वीस-पंचवीस मिनिटांच्या फेरीला २२ अंश मागणं हाच मुळात चुकीचा हिशेब आहे. घामानं भिजलेला शर्ट घेऊन बेचाळीसमधून बावीसमध्ये शिरायचं आणि राजवाड्याला उतरून पुन्हा बेचाळीसमध्ये, यात सुख कसलं? २६ अंश आणि ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा आतला पंखा, मोठा, एवढ्यानं अंग वाळतं आणि उतरताना झळही कमी लागते. ऊर्जा दक्षता ब्युरोनं घरगुती एसीसाठी २०२० पासून २४ हा सुरुवातीचा आकडा ठरवून दिला. बसला तो नियम लागू नाही, पण शहर बससाठी २४ सुद्धा कमीच.

बॅटरीवाली बस वेगळी पडते, कारण तिच्या कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते. सिग्नलला उभी असो की धावत असो, गारवा तेवढाच. शिवाय मोटरचा वेग इन्व्हर्टरनं कमी-जास्त होतो, म्हणजे ‘टक्’ करून चालू-बंद व्हायची गरज नाही. चार गुण इथेच मिळाले. पाचवा जातो तो किफायतीपायी. हिशेब साधा आहे: एसीनं ८ किलोवॅट ओढले आणि बसचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर असला, तर दर किलोमीटरला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज निव्वळ हवेवर जाते. रहदारी वाढून वेग १० वर आला की तीच ०.८ युनिट होते. बस मुंगीच्या पावलांनी चालली तरी एसी तासाचं मीटर पळवतच असतो. म्हणून संध्याकाळी बॅटरी उतरत आली की चालक एसी बारीक करतो किंवा शेवटच्या थांब्यावर बंदच ठेवतो. यावर चांगला उपाय म्हणजे बस डेपोत चार्जरला लावलेली असतानाच आतून गार करून घेणं. उन्हात उभी राहिलेली बस आतून पन्नासच्या घरात तापते; तो ताप उतरवायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि ती वीज बॅटरीतून न जाता थेट लाइनमधून गेलेली बरी.

भोपाळची बैठी गाडी

सुमारे १९० किलोमीटर, चार तासांच्या आतबाहेर, पुशबॅक सीट. इथं हवा बहुतेक ठीक असते, पण एक जुनाच गुंता आहे. एसीचं बटण ज्याच्या हातात, तो बसमधल्या सर्वांत गरम जागी बसलेला असतो. समोर भली मोठी काच, खाली किंवा शेजारी तापलेली यंत्रं, आणि प्रवाशांच्या डक्टची हवा त्याच्यापर्यंत जेमतेम पोचते. भोपाळहून दुपारी इंदूरकडं निघालेली गाडी नैर्ऋत्येच्या अंगानं पश्चिमेकडं चाललेली असते. उन्हाळ्यात चारनंतरचं ऊन समोरून आणि उजवीकडून येतं, आणि उजवीकडंच चालक बसतो. त्याला भाजतंय म्हणून तो १८ करतो. मागं सातव्या रांगेतली आजी शाल शोधते. चालकाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या गाडीत चालकासाठी वेगळा ब्लोअर किंवा निदान पंखा आणि काचेवर वरून ओढायचा पडदा आहे, त्या गाडीत मागचं टेंपरेचर हमखास बरं असतं. चढताना केबिनकडं एक नजर टाकली तर पुढचे चार तास कसे जाणार याचा अंदाज येतो.

सीट निवडताना याच भूमितीचा उपयोग करून घ्या. त्या परतीच्या वाटेवर उन्हाळ्यात डावी बाजू बरी, हिवाळ्यात उजवी, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कलतो आणि ऊन डावीकडून येतं. आतली हवा २४ असली तरी तापलेली काच दंडाशी असेल तर अंगाला २८ चा अनुभव येतो. पडदा ओढला की निम्मा प्रश्न सुटतो, नोझल दंडाकडं वळवून नाही. मागचं इंजिन असलेल्या गाडीत शेवटच्या रांगेत पायाखालून ऊब येते; थंडी सोसत नसणाऱ्यांसाठी ती जागा चक्क चांगली.

साडेतीन गुण.

स्लीपर

इथं थोडं थांबायला हवं, कारण सगळे दोष इथं एकत्र नांदतात.

पहिला दोष बर्थच्या रचनेचा. डोक्याच्या किंवा छातीच्या वर, हातभर अंतरावर नोझल. त्यातून येणारी हवा १० ते १४ अंशांची असते. बैठ्या गाडीत ती अंगापर्यंत येईतो बसमधल्या हवेत मिसळते. वरच्या बर्थवर ती मिसळायला जागाच नाही, थेट नाकावर. पडदा ओढला की बर्थ म्हणजे छोटी खोली होते आणि सेन्सर राहतो बाहेर, मधल्या वाटेच्या हवेत. वाटेवर २४ आणि पडद्याआड १९, हे एकाच वेळी खरं असू शकतं. पॅनेल खोटं बोलत नाही, ते तुमच्याबद्दल बोलतच नाही.

दुसरा दोष वेळेचा. झोपलेलं शरीर जागं असतानापेक्षा कमी उष्णता तयार करतं, आणि शरीराचं स्वतःचं तापमान पहाटे तीन ते पाचच्या सुमारास सर्वांत खाली असतं. रात्री दहाला जे २३ अंश छान वाटतात तेच पहाटे चारला बोचतात. बसमधल्या माणसांची गरज रात्रभर बदलत असते. पॅनेलवरचा आकडा मात्र निघताना लावला तोच मुक्कामी उतरेपर्यंत. घरी आपण पहाटे उठून पंखा एक नंबरनं कमी करतो, तसं करायला इथं कुणी नाही. चालकाचं लक्ष रस्त्यावर हवं, क्लीनर केबिनमध्ये पेंगलेला.

त्यात या मार्गाची चढ-उतार. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, खलघाटला नर्मदेचा काठ त्याहून चारेकशे मीटर खाली. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरताना बाहेरची हवा उंचीच्या हिशेबानंच अडीच-तीन अंशांनी तापते, पण गंमत बघा: घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये, इंजिन चढ्या फेऱ्यांवर, म्हणजे कॉम्प्रेसर जोरात. पुढं सेंधव्यानंतर बिजासन घाटातही तेच. परतीला उलट. भरलेली गाडी घाट चढवायची तर एसी इंजिनाची पंधरा-वीस अश्वशक्ती खातो, म्हणून चालक तो बंद करतो. काचा सीलबंद, पंधरा मिनिटांत आत कोंडतं, कुणीतरी ओरडतं, मग एसी एकदम १८ वर. थंडी-घाम-थंडी असा हा फेरा आणि तोही झोपेत.

तिसरा दोष दिसत नाही, पण सकाळी डोकं जड झालं की कळतो. एसीच्या युनिटला बाहेरची ताजी हवा आत घेणारी झडप असते. ती उघडी ठेवली तर बाहेरची गरम हवा गार करायचं काम वाढतं आणि डिझेल जास्त जळतं, म्हणून ती बरेचदा बंदच असते. हिशेब करून बघा. झोपलेला माणूस तासाला साधारण १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. छत्तीस माणसांचा तो पावणेपाचशे लिटरच्या आसपास होतो. बसच्या आतली मोकळी हवा ४५ घनमीटर धरली आणि बस पूर्ण बंद डबा मानली, तर तासाभरात प्रमाण एक टक्क्यापर्यंत जातं. बाहेरच्या हवेत ते ०.०४ टक्के असतं. बस इतकी घट्ट कधीच नसते, फटींतून हवा येत-जात असते, म्हणून कुणी गुदमरत नाही. पण ‘एसीत झोप लागत नाही’ म्हणतात त्यातला मोठा वाटा थंडीचा नसून या शिळ्या हवेचा असतो. ओळखण्याची खूण: हिवाळ्यात किंवा पावसाळी रात्री काचांना आतून पाणी सुटलं असेल तर झडप बंद आहे. क्लीनरला “फ्रेश एयर खोल दो” म्हणा. बऱ्याच पॅनेलवर त्याचं वेगळं बटण असतं आणि ते कधी दाबलेलंच नसतं.

आणि नोझलमध्ये कागद कोंबण्याबद्दल. चिप्सची पिशवी, वर्तमानपत्र, ब्लँकेटचं टोक, सगळे प्रकार चालतात. डक्टमधली हवा ठरलेल्या दाबानं येते. तुम्ही एक भोक बुजवलंत की ती शेजाऱ्याच्या नोझलमधून जास्त जोरात निघते. मग तो बुजवतो. रात्री दोनपर्यंत निम्मी नोझलं बंद झाली की यंत्रातल्या हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवरून पुरेशी हवाच वाहत नाही आणि तिच्यावर बर्फ धरतो. एवढ्यावर गाडीचा एसी ‘गेला’ अशी बोंब होते. नोझल पूर्ण बंद करू नये. ते पायाकडं किंवा छताकडं वळवून पाव उघडं ठेवावं; थोडी हवा खेळती राहते आणि अंगावर झोत येत नाही.

दिलेलं ब्लँकेट ही सोय म्हणून दाखवतात. खरं तर पुरेसं टेंपरेचर ठेवलं असतं तर पातळ चादर पुरली असती. जाड ब्लँकेट हाताशी आहे म्हणून १८ चालतं, आणि १८ असतं म्हणून ब्लँकेट जाड लागतं.

पाणी गळण्याचं प्रकरणही स्लीपरमध्येच जास्त. गार जाळीवर हवेतली वाफ जमते. पावसाळ्यात भरल्या गाडीत तासाला काही लिटर पाणी होतं. ते खालच्या ट्रेमध्ये पडून नळीनं गाडीखाली जायचं असतं. नळी धुळीनं आणि शेवाळानं तुंबली की ट्रे भरतो आणि करकचून ब्रेक लागला की पुढच्या बर्थवर सांडतो. जेवणाला गाडी धाब्यावर थांबली की खाली वाकून बघा. एसी चालू असताना गाडीखाली टपटप पाणी पडत असेल तर यंत्र तब्येतीनं ठीक. जुलैत गाडीखालची जमीन कोरडी दिसली, तर ते पाणी वर कुठंतरी साठतंय. वरचा बर्थ असेल तर चादर तशी घ्या.

पावसाळ्याची आणखी एक वेगळीच कटकट. बाहेर २४-२५ अंश, हवा ओलीचिंब. सेटिंग २४ असेल तर कॉम्प्रेसर क्वचितच लागतो, आणि हवेतला ओलावा कॉम्प्रेसर चालल्याशिवाय निघत नाही. उलट क्लच सुटला की जाळीवरचं पाणी पुन्हा हवेत जातं. अंग चिकट, चादर दमट. चालक ओलावा काढायला २० करतो आणि मग थंडी वाजते. यावरचा खरा उपाय म्हणजे हवा आधी गार करून वाळवायची आणि मग इंजिनाच्या गरम पाण्याच्या जाळीवरून नेऊन थोडी ऊबदार करायची. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत गरम करणारी जाळीच नसते, फक्त गार करणारी असते. त्यामुळे जानेवारीच्या रात्री बाहेर दहा अंश असताना ‘एसी बस’ ऊब देईल अशी अपेक्षा ठेवू नये. ब्लोअर आणि ताजी हवा एवढंच तिच्या हातात.

दोन गुण, तेही काही गाड्यांत प्रत्येक बर्थचं नोझल नीट बंद-उघड होतं म्हणून.

बिघाड बसल्या जागी ओळखायचा तर

तीन-चारशे रुपयांचं डिजिटल थर्मामीटर पुरतं, ओलावा दाखवणारं असलं तर उत्तम. ते नोझलच्या तोंडाशी दोन मिनिटं धरा, मग झोतापासून लांब छातीच्या उंचीवर पाच मिनिटं. गाडी धावत असताना दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर यंत्र चांगलं आहे; थंडी-उकाड्याची जी काही तक्रार असेल ती सेटिंगची. फरक तीन-चारच अंशांचा असेल तर मात्र बिघाड.

कुठला बिघाड, हे लक्षणांवरून बरंच कळतं. हायवेवर गार आणि सिग्नलला लगेच कोमट होत असेल तर टपावरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीत धूळ बसली आहे किंवा तिचा एखादा पंखा बंद आहे. उभ्या गाडीत तिला वारा फक्त पंख्याचाच. उन्हाळ्यात आपल्याकडच्या धुळीत ही जाळी आठवड्याला हवेनं झाडायला हवी. एका बाजूच्या सगळ्या नोझलमधून हवा मंद आणि दुसऱ्या बाजूला जोरात असेल तर त्या बाजूचा ब्लोअर गेलाय: फ्यूज, नाहीतर मोटरचे कार्बन ब्रश. सुरुवातीला छान आणि तासाभरानं झोत कमी-कमी होत गेला तर बर्फ. तेव्हा कॉम्प्रेसर बंद आणि ब्लोअर पूर्ण असं पंधरा-वीस मिनिटं चालवलं की बर्फ वितळतो, पण मूळ कारण म्हणजे तुंबलेला फिल्टर तसाच राहतो. फिल्टर तपासायला परत हवा ओढणाऱ्या जाळीवर कागदी रुमाल धरा. चिकटून बसला तर ठीक, खाली पडला तर तो फिल्टर बरेच दिवस कुणी काढलेला नाही. इंजिनाचा वेग वाढताना चिरकल्यासारखा आवाज येत असेल तर बेल्ट सैल. ओल्या फडक्याचा वास म्हणजे आतली जाळी धुतलेली नाही.

सगळीकडंच गारवा कमी असेल तर गॅस. बेल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचा दांडा बाहेर आलेला असतो आणि त्याच्या सीलमधून गॅस थोडा-थोडा जातच राहतो; शिवाय हादऱ्यांनी पाइपांचे सांधे ढिले होतात. घरच्या एसीत गॅस किलोच्या आतबाहेर, बसमध्ये कित्येक किलो. दर उन्हाळ्यात ‘गॅस टाकला’ असं सांगणारा गॅरेजवाला गळती न शोधता वरून भरत असेल तर पैसे आणि गॅस दोन्ही हवेत. बसच्या एसीत भरतात तो आर-१३४ए वायू वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून प्रभावी आहे. बरोबर क्रम असा: नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसानं सांधे तपासायचे, गळका सील बदलायचा, गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर नवा घालायचा, निदान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम ओढायचा आणि गॅस वजन करून भरायचा. अंदाजानं नाही. गॅस जास्त झाला तरी दाब चढतो, सुरक्षा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो आणि भर दुपारी गाडी कोमट होते.

गाडीवाल्यांसाठी

यातल्या बऱ्याच गोष्टींना खर्च नाही. बहुतेक कंट्रोलरमध्ये मेकॅनिकला टेंपरेचरची खालची मर्यादा बांधून देता येते. स्लीपरला ती २३ वर बांधली की १८ चा खेळच संपला. निघताना २४, अकराला २५, तीनला २६ असा कागद पॅनेलशेजारी चिकटवला तरी क्लीनरला काय करायचं ते कळतं. प्रवासी चढायच्या आधी अर्धा तास गाडी गार करून घ्या, मग पहिल्या तासात आकडा खाली ओढायची कुणाला घाई होत नाही. चालकाला पंखा द्या. आणि पॅनेलवरच्या बाणांच्या बटणांशेजारी मराठी-हिंदीत दोनच शब्द लिहा: वरच्या बाणाशी ‘गरम’, खालच्या बाणाशी ‘ठंडा’.

बुकिंग करताना जागा निवडता येत असेल तर खालचा बर्थ, मधल्या भागातला. टपावरचं युनिट जिथं बसवलंय त्याच्या थेट खालचा वरचा बर्थ टाळा. गाडी बाहेरून पाहिली की टपावरचा उंचवटा दिसतोच. कान झाकणारी टोपी ब्लँकेटपेक्षा जास्त उपयोगी पडते, आणि मोजे बॅगेत तळाशी नको, वरच ठेवा; पहाटे चारला अंधारात बॅग उचकायची वेळ येते.